चतुर्दशीचे पान

गिरणीचा पहिला भोंगा सकाळी साडेसहाला होई. त्याच्या वीस मिनिटे आधी श्रीनाथ माहुरकर फाटकावर हजर असे. खाकी कोटाची पाचही बटणे तो बोटाने चाचपून पाही, मग फाटकाच्या आतला लाकडी अडसर अशा बेताने सरकवी की एका वेळी एकच माणूस बाहेर पडावा. सातला रातपाळी सुटे. भुवयांवर आणि मिशांवर कापसाचे तंतू घेऊन माणसे ओळीने येत, त्याच्यापुढे थांबून हात वर करीत. आधी काखा, मग कंबर, मग धोतराचा काचा, शेवटी जेवणाचा डबा. एका माणसाला चार श्वासांहून जास्त वेळ लागत नसे. नऊ वर्षांत त्याने या क्रमात बदल केला नव्हता. झडती घेताना तो माणसाच्या तोंडाकडे पाहत नसे.

त्या दिवशी विणखात्यातल्या एका म्हाताऱ्याच्या बंडीखाली त्याच्या बोटांना कोरे कापड लागले. पोटाभोवती गुंडाळलेला दीड वार लठ्ठा.

"जमादारसाब, पोती हुई है," म्हातारा हात वर ठेवूनच म्हणाला. "उसके झबले के लिए. पैंतीस साल में पहली बार."

"हाथ नीचे करो, बाबा. आफिस में चलो."

"पैंतीस साल, साब."

"चलो."

श्रीनाथच्या मनात रागही नव्हता आणि समाधानही नव्हते. एकाला सोडले की का सोडले याचा विचार करावा लागतो, आणि विचार करण्याचे त्याने बारा वर्षांपूर्वीच सोडून दिले होते. म्हाताऱ्याला कारकुनाच्या हवाली करून तो परतला तेव्हा फाटकाशी सरकारी कचेरीचा चपराशी सायकल धरून उभा होता. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात लिफाफ्यावरचे नाव वाचले आणि पुढे स्वतःच्या पदरचे जोडले, "बधाई हो. सरकार तमगा दे रही है. बहादुरी का."

रांगेत मागून कोणीतरी म्हणाले, "कायका तमगा? लट्ठा पकडने का?"

माणसे हसली. श्रीनाथने लिफाफा खिशात ठेवला आणि पुढच्या माणसाला हात वर करायला सांगितले.

हे पदक त्याच्याकडे येण्यासाठी बारा वर्षे वाटेत होते. चव्वेचाळीस साली, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, एका नाल्याच्या वळणावरची ब्रेनगन त्याने रात्रभर एकट्याने चालू ठेवली होती, आणि त्यामुळे पलटणीच्या अठ्ठावीस जखमींना पहाटेपर्यंत मागे नेता आले होते. ग्वाल्हेर दरबाराने शौर्यपदक मंजूर केले. ते घडवून तयार होईतो दरबारच संपला. फाइल ग्वाल्हेरहून इंदूरला गेली, परत आली, हरवली आणि सापडली. आता छप्पन साली मध्यभारत राज्यही संपत होते. एक नोव्हेंबरपासून सगळे भोपाळला जाणार होते. ज्या राज्याचा शिक्का पदकावर होता ते आठ वर्षांपूर्वीच मावळले होते, आणि जे राज्य पदक देणार होते त्याचे पाच आठवडे उरले होते.

पत्रातली शेवटची ओळ श्रीनाथने दुपारी खोलीवर आल्यावर पुन्हा वाचली. पदक दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दिले जाईल, आणि ते त्याच चौकीवर वीरगती मिळालेले शिपाई बापू शेळके यांच्या वृद्ध मातोश्रींच्या हस्ते लावले जाईल.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा घेऊन तो कचेरीत गेला. हेडक्लार्क भय्यासाहेब मुळे कागदांच्या बस्त्यांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसले होते. भोपाळला जायचे बस्ते लाल फडक्यात होते, जाळायचे पांढऱ्या.

"या, या, बहादुर!" भय्यासाहेबांनी दोन चहा मागवले. "बापूच्या आईच्या, अक्काच्या हातून पदक लावायची कल्पना माझी आहे बरं का. साहेब म्हणाले, वा मुळे, क्या बात है! मी स्वतः माधव नगरात जाऊन तिला सांगून आलो. म्हातारी रडली हो."

"भय्यासाहेब, मला ते नको आहे."

"काय नको आहे?"

"पदक. मी तसं लिहून देतो."

भय्यासाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "अरे भाई, बारा वर्षं ही फाइल माझ्या छातीवर आहे. ती भोपाळला गेली तर तिथला कोण विचारेल, हे लफडं इतके दिवस का पडून होतं? नको म्हणायचं होतं तर चव्वेचाळीसात म्हणायचं."

"मग डाकेनं पाठवून द्या."

"बहादुरी डाकेनं येत नसते, जमादार." ते स्वतःच्या वाक्यावर खूष झाले. "लाजतोस होय? बघ, मी इंग्रजीवरून हिंदी कसं केलंय ते ऐक. 'प्रथम आक्रमण में अपने साथी के वीरगति पाने पर भी, शत्रु की गोलियों के बीच रात भर अकेले...' काय? डोळ्यांत पाणी येतं की नाही?"

श्रीनाथ चहा संपवून उठला.

'प्रथम आक्रमण में' हे तीन शब्द त्याचे होते. इस्पितळात अधिकाऱ्याने विचारले होते, तुझा जोडीदार कधी पडला? तो म्हणाला होता, पहिल्या हल्ल्यात. बाकी सारे लोकांनीच रचले होते. पहाटे तोफांचे गोळे त्या वळणावर पडले होते आणि बापूच्या देहावर कोणती जखम कोठे होती हे पाहण्यासारखे काही उरले नव्हते.

झाले होते ते थोडके होते. दोघांची चौकी, श्रीनाथ गनवर आणि बापू गोळ्यांच्या पेट्या भरून देणारा. पेट्यांची झोळी बापूच्या खांद्यावर. दुसरा हल्ला परतवल्यावर बापू एकाएकी उठला आणि मागे पळत सुटला, झोळीसकट. श्रीनाथने दोनदा हाक मारली. मग बाजूची रायफल उचलून गोळी झाडली. सरपटत जाऊन त्याने बापूच्या खांद्यावरून झोळी काढली. झोळीचा पट्टा बापूच्या हाताखाली अडकला होता, तो हात त्याला वाकवून सोडवावा लागला. त्याच पेट्यांवर गन पहाटेपर्यंत चालली. लोक समजत तसा तो मृत्यूला न भिता तेथे बसून राहिला नव्हता. मागे जायला त्याला तोंड नव्हते. जपान्यांची त्याला त्या रात्री खरोखरच भीती वाटली नाही, कारण मागून कोणी येऊन बापूच्या पाठीकडे पाहील ही भीती त्याहून मोठी होती.

तरी अठ्ठावीस माणसे वाचली होती, हेही खरे होते. त्यांतला एक दर दिवाळीला नीमचहून त्याला कार्ड पाठवी. ते कार्ड आले की श्रीनाथ एक-दोन दिवस ताठ चाले. पदकाचे पत्र फाटकावर आले तेव्हाही, रांग हसण्यापूर्वीच्या क्षणी, त्याची छाती आपोआप पुढे आली होती. त्याला स्वतःची किळस येत होती ती या गोष्टीमुळे.

लढाईहून परतल्यावर तो बापूच्या आईकडे गेला. सगळे तिला अक्का म्हणत. रामघाटावर उपाध्याने विचारले होते, "कशाने गेला?" अक्काने श्रीनाथकडे पाहिले. तो म्हणाला, "शस्त्राने." ते खोटे नव्हते. शस्त्राने गेलेल्याचे श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करायचे असते, म्हणून बापूची तिथी चतुर्दशी ठरली. त्या वर्षापासून अक्का बापूच्या पानावर पितर म्हणून श्रीनाथलाच जेवायला बसवी. "शेवटी त्याच्याजवळ तूच होतास," ती म्हणे. तिने त्याच्यासाठी चार मुली पाहिल्या. त्याने लग्न केले नाही.

चतुर्दशी पदकसमारंभाच्या दहा दिवस आधी आली. सकाळी श्रीनाथने खोलीतले सामान ट्रंकेत भरले आणि वळकटी बांधली. आज अक्काला सांगायचे आणि ती हाकलून देईल तेव्हा संध्याकाळच्या गाडीने रतलामकडे निघून जायचे, असे त्याने ठरवले होते. हाकलून देईल याविषयी त्याला शंका नव्हती. खरे म्हणजे तो तेच मागायला निघाला होता.

माधव नगरातल्या त्या दोन खोल्यांत खिरीचा आणि तळणाचा वास भरला होता. बापूची विधवा कुसुम हिरव्या पानावर भाताची मूद, वडा, खीर असा कावळ्याचा घास काढत होती. अठराव्या वर्षी तिचे कपाळ पांढरे झाले होते, आता ती तिशीत होती आणि कन्याशाळेत शिवण शिकवत होती.

"भाऊजी, या वर्षी तरी त्यांना लवकर यायला सांगा," ती हसून म्हणाली. "मागल्या साली दीड तास छतावर उभी राहिले. ऊन लागून गेलं मला."

"तो लहानपणापासून हट्टी," अक्का म्हणाली. "जा, वर जा. बोलावत राहा."

कुसुम घास घेऊन जिना चढली. अक्काने श्रीनाथला उंबऱ्याजवळच्या पाटावर उभे केले आणि ती त्याचे पाय धुवायला तांब्या घेऊन खाली बसली. बारा वर्षे ती हे करीत आली होती. तिची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती.

"अक्का, पुढच्या शनिवारी पदकाला तुम्ही नका येऊ."

"का रे? पायऱ्या चढवणार नाहीत म्हणून? भय्यासाहेबानं कुर्सी ठेवतो म्हटलंय. कुसुमनं माझं लुगडं पण धुऊन ठेवलं."

"त्यासाठी नाही. बापूला जपान्यांची गोळी लागली नव्हती."

"मग कुणाची?"

"माझी."

तांब्यातली धार थांबली नाही. उरलेले पाणी संपेपर्यंत ती त्याच्या पायांवर पडत राहिली. मग अक्काने तांब्या खाली ठेवला, वर जिन्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हळू बोल. कुसुम आहे."

त्याने हळू सांगितले. झोळीचे सांगितले, हाकांचे सांगितले. हात वाकवावा लागला तेही सांगितले. छतावरून कुसुमची हाक येत होती, "काव, काव, या, काव." अक्का ओल्या फरशीवर बसून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. बाजारात भाजीवाल्याचे बोलणे ऐकावे तसे तिने ते सगळे शेवटपर्यंत ऐकले.

"पाठीत?" तिने विचारले.

"पाठीत."

"काही बोलत होता?"

"अक्का, अक्का, म्हणत पळत होता."

"आणि तू मला येऊन सांगितलंस, खंडेरावाचं नाव घेत गेला."

"हो."

ती बराच वेळ स्वतःच्या ओल्या हातांकडे पाहत राहिली. एकदा तिचे तोंड वाकडे झाले. श्रीनाथला वाटले, आता ती ओरडेल. त्याने डोळे मिटून घेतले. तो बारा वर्षे त्या ओरडण्याची वाट पाहत होता.

"आणखी कुणाला ठाऊक आहे?" तिने विचारले.

"कुणालाच नाही."

"उपाध्याला? पलटणीतल्या कुणाला? कुठे लिहून ठेवलंयस?"

"नाही, अक्का. मी पदक नको म्हणून लिहून देतो. आज संध्याकाळी गाव सोडून जातो. तुम्ही मला काय हवं ते बोला, पण तुमच्या हातानं..."

"का म्हणून सोडशील गाव?" तिचा आवाज अजून हळूच होता. "तू घेतलं नाहीस तर लोक विचारतील, का नाही घेतलं? मग तू बोलशील. तुझं तोंड एकदा उघडलंय, ते आता बंद राहायचं नाही. माझ्या नजरेसमोर राहिलास तरच राहील."

"पण खरं काय ते..."

"खरं काय करायचंय मला?" ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "देवासचा एक मास्तर दोनदा आला होता, कुसुमला मागायला. भला माणूस होता. ती तेवीसची होती तेव्हा. मी त्याला ओट्यावरूनच परत पाठवला. म्हटलं, वीराच्या बायकोला मागायला लाज नाही वाटत? त्या दिवशी ती आत चुलीपाशी बसून होती. एक अक्षर बोलली नाही. महिनाभर मिठाशिवाय जेवली. आता तिला काय सांगू? पळपुट्यासाठी बसवून ठेवलं होतं तुला?"

अक्काने खुंटीवरचा पंचा ओढून घेतला.

"तू मारलंस, ते माझं मी बघीन. आई आहे मी, बघीन. पण तो पळाला, हे या घराच्या बाहेर जाणार नाही. शनिवारी मीच लावणार तुला ते. तू छाती काढून उभा राहशील."

"अक्का, मला नाही जमणार."

"त्याला मारायला जमलं. मला खोटं सांगायला जमलं." तिने पंचा त्याच्या अंगावर फेकला. "पाय पूस. आणि दर चतुर्दशीला तू इथे येशील. मी आहे तोवर मी वाढीन, मी गेल्यावर कुसुम वाढेल. त्याच्या पानावर बसायचं आणि पोटभर जेवायचं. काही टाकायचं नाही. इतकी वर्षं मी तुला माया म्हणून वाढत होते. आता कशासाठी वाढते, ते तुला कळेल आणि मला."

इतक्यात वरून कुसुमचा आवाज आला. आनंदाने ती जवळजवळ ओरडलीच. "आई! शिवला! आज लगेच शिवला हो!"

अक्का छताकडे पाहत राहिली. क्षणभर तिचा चेहरा ढिला पडला, आणि ती किती म्हातारी आहे हे श्रीनाथला तेव्हा दिसले. मग तिने पदर नीट केला.

"ऐकलंस? त्याचं काही राहिलेलं नाही. मग तुझंच काय राहिलंय?" ती म्हणाली. "बस पानावर."

तो बसला. कुसुम खाली आली, घामेजलेल्या चेहऱ्याने हसत. "भाऊजी, तुमच्या पदकाची बातमी त्यांना पोचली वाटतं," ती म्हणाली आणि खीर वाढायला वाकली. श्रीनाथने पहिला घास घेतला. वडा त्याने पाण्याबरोबर ढकलला. भाताची मूद संपली तेव्हा अक्काने न विचारता दुसरी घातली. तीही संपली तेव्हा तिसरी. "पुरे करा, आई, त्यांना सोसणार नाही," कुसुम म्हणाली.

"सोसेल त्याला," अक्का म्हणाली.

त्याने पान पुसून स्वच्छ केले. कोपऱ्यावर गिरणीच्या नळापाशी त्याला उलटी झाली. तोंड धुऊन तो खोलीवर गेला. संध्याकाळची गाडी सहाला होती. ट्रंकेवर बसून त्याने तिची शिट्टी ऐकली. अक्काने आपल्याला शिक्षा दिली, की स्वतःला वाचवायला आपला उपयोग केला, याचा त्याने बराच विचार केला, आणि दोन्हींत आपल्यापुरता काही फरक नाही असे त्याच्या ध्यानात आले. बापूला त्याने घरी जाऊ दिले नव्हते. त्या घराने आता काही मागितले होते, आणि ते नाकारण्याचा अधिकार त्याला नव्हता. काळोख पडण्यापूर्वी त्याने वळकटी सोडली, ट्रंकेतले कपडे परत खुंट्यांवर टांगले आणि कोटाचे सुटत आलेले तिसरे बटण शिवून टाकले.

दहा दिवसांनी, शनिवारी, कचेरीपुढच्या मांडवात दीडशे माणसे होती. भय्यासाहेबांनी मानपत्र वाचले. 'प्रथम आक्रमण में' या शब्दांवर त्यांचा आवाज भरून आला. अक्काला दोघांनी धरून वर आणले. पदकाची पिन जुनी होती, थोडी गंजलेली. तिच्या वाकड्या बोटांना ती उघडेना, म्हणून कुसुमने पुढे होऊन उघडून दिली. अक्काने पिन कोटाच्या कापडातूनच काळजीपूर्वक आरपार नेली. कातडीला ती लागू दिली नाही. पदक तिरपे वाटले म्हणून तिने ते पुन्हा काढून सरळ लावले. फोटोवाला म्हणाला, "माताजी, सिर पर हाथ रखिए." तिने हात ठेवला. टाळ्या होत होत्या.

"माझा दुसरा मुलगाच आहे हा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. खरखरीत तळहात त्याच्या डोक्यावर तसाच होता. तोंड फारसे न हलवता तिने पुढचे त्याच्यापुरते सांगितले, "चतुर्दशी लक्षात ठेव."

सोमवारी सकाळी मॅनेजरच्या हुकमाप्रमाणे श्रीनाथ पदक लावून फाटकावर उभा राहिला. विणखात्यातला तो म्हातारा रांगेत नव्हता. एरवी त्याच्या मागेपुढे चालणारे दोघे हात वर करून झडती देताना पदकाकडे पाहत होते. हसले मात्र कोणी नाही. श्रीनाथने काखा पाहिल्या, कंबर पाहिली, धोतराचा काचा पाहिला आणि शेवटी डबा.

एक नोव्हेंबरला राज्य बदलले. लाल फडक्यातले बस्ते भोपाळला गेले, पांढऱ्या फडक्यातले जाळले गेले. पुढच्या भाद्रपदात, वद्य चतुर्दशीला, श्रीनाथने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि बारा वाजायच्या आत माधव नगरातल्या त्या उंबऱ्याजवळच्या पाटावर जाऊन तो उभा राहिला. कुसुम घास घेऊन जिना चढत होती. अक्का तांब्या घेऊन बाहेर आली.